मलकापूरचा मे आणि पुस्तकातला वेग

आमच्याकडे अनुनाद नळीचा प्रयोग जर्नलच्या शेवटच्या ओळीपासून सुरू होत असे. ‘निष्कर्ष : ध्वनीचा हवेतील वेग = ३४३ मीटर प्रति सेकंद’ हे आधी लिहायचं. मग उलटा भागाकार करत वर चढायचं आणि तक्त्यात अशी रीडिंगं भरायची, की सरांना संशय येऊ नये. एखादं जरा कमी, एखादं जरा जास्त, सरासरी मात्र नेमकी. हुशार पोरं दशांश चिन्हानंतरचा आकडा मुद्दाम वेडावाकडा ठेवत. नादकाटे कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते हे दोन वर्षांत मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही. पैकीच्या पैकी मार्क मिळत होते.

हे सगळं वर आलं ते गेल्या मे महिन्यात. मलकापूरला बहिणीकडे आठ दिवस राहिलो होतो. भाची नुकतीच नववी संपवून बसलेली. ‘ध्वनीचा अभ्यास’ आणि ‘प्रकाशाचे परावर्तन’ हे दोन्ही धडे तिला तोंडपाठ. पण नादकाटा तिनं चित्रातच पाहिलेला. तीस वर्षांत कुलूप तेच राहिलं म्हणायचं, फक्त कपाट बदललं. मी एका मित्राकडून ५१२ हर्ट्झचा नादकाटा मिळवला, हार्डवेअरच्या दुकानातून सव्वा इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा कापून आणला, आणि अंगणातल्या पाण्याच्या पिंपात तो उभा बुडवला. झाली अनुनाद नळी. नादकाटा जुन्या रबरी चपलेच्या टाचेवर आपटायचा, पाइपच्या तोंडावर धरायचा आणि पाइप हळूहळू वर ओढत जायचा. एका ठिकाणी पाइप अचानक बोलायला लागतो. आतापर्यंत कानाशी धरल्याशिवाय ऐकू न येणारा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो.

भाचीनं पट्टी लावली. पाण्यापासून पाइपच्या तोंडापर्यंत १६.४ सेंटिमीटर. पुस्तकाप्रमाणे ही लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी. चारानं गुणलं, ५१२नं गुणलं, उत्तर ३३६. “मामा, हे त कमी आलं.” मी तिला पाइप आणखी वर ओढायला सांगितलं. ५१.१ सेंटिमीटरवर तो दुसऱ्यांदा बोलला. दोन जागांमधलं अंतर ३४.७ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी. पुन्हा गुणाकार. आता उत्तर ३५५. “आता जास्त काऊन येऊन रायलं?”

त्या दुपारी अंगणातला थर्मामीटर ४२ दाखवत होता.

इथं बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल दोन ओळींत सांगायला हवा. जिल्ह्याचे लोकांनी दोनच तुकडे केले आहेत, घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचलं की अंगावरची हवा बदलते. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं वर नेलं त्यात या हवेचा वाटा होता. घाटाखालचा मे ज्यानं काढला आहे, त्याला ४२चं कौतुक नाही.

आणि गोम याच ४२मध्ये आहे. पुस्तकातला ३४३ किंवा ३४४ हा वेग वीस-बावीस अंश तापमानाचा. हवा तापली की तिचे रेणू जास्त जोरानं धावतात आणि धक्का पुढच्या रेणूला लवकर पोचवतात. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, आणि पुढं दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरची भर. ४२ अंशाचा हिशेब मांडला तर ३५६ येतात. भाचीचं ‘जास्त’ आलेलं उत्तर हे मलकापुरातल्या त्या दुपारचं बरोबर उत्तर होतं. मग आधीचं ३३६ कुठून आलं? हवेचा स्तंभ पाइपच्या तोंडाशी नेमका संपत नाही, जरा बाहेर डोकावतो. पाइपच्या व्यासाच्या साधारण तीन दशांश, इथं जेमतेम एक सेंटिमीटर. पहिल्या रीडिंगमध्ये हा सेंटिमीटर धरला नव्हता. दोन रीडिंगांची वजाबाकी केली की तो आपोआप निघून जातो.

म्हणजे पहिल्या उत्तरात दोन चुका एकमेकींना सावरून उभ्या होत्या. ऊन वेग वाढवत होतं, पाइपचं तोंड तो कमी दाखवत होतं, आणि उत्तर पुस्तकाच्या जवळपास येऊन बसलं होतं. आमच्या पिढीनं भरलेली ती सगळी ३४३ची जर्नलं आठवली. विदर्भातल्या किती उन्हाळ्यांना आम्ही वीस अंशांवर आणून ठेवलं होतं!

या बाबतीत आमची संगत मात्र फार मोठ्या माणसाशी आहे. न्यूटननं १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त ध्वनीचा वेग गणितानं काढला. केंब्रिजमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या लांब ओवरीत तो स्वतः आवाज करून प्रतिध्वनी लंबकाच्या झोक्यांशी ताडून पाहत असे. पण १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत इतरांची मोजमापं पक्की झाली होती. सेकंदाला ११४२ फूट. न्यूटनचं गणित सांगत होतं ९७९. फरक चांगला सहावा-सातवा हिस्सा. न्यूटननं काय करावं? हवेच्या कणांना स्वतःची जाडी असते, शिवाय हवेत वाफ असते, असे दोन मुद्दे त्यानं मांडले, त्यांना सोयीच्या किमती दिल्या आणि गणित बरोब्बर ११४२वर आणून ठेवलं. आधी उत्तर, मग रीडिंग. खरं कारण सापडायला शंभर वर्षं गेली. ध्वनीच्या लाटेत हवा इतक्या झटकन दाबली जाते की तयार झालेली उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, हे १८१६मध्ये लाप्लासनं दाखवलं आणि गणित कोणतीही ठिगळं न लावता जुळलं. न्यूटनच्या थोरवीला यानं काही कमीपणा येत नाही. पण आमच्या सरांना हे माहीत असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

मोसमागणिक वेग बदलतो हे भारतात मोजून दोनशे वर्षं झाली. मद्रासच्या वेधशाळेतला जॉन गोल्डिंगहॅम हा १८२०-२१मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या आणि सेंट थॉमस माउंटवरच्या तोफांचा उजेड पाहायचा, आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचा आणि शेजारी त्या वेळचं तापमान, हवेचा दाब, ओलावा लिहून ठेवायचा. महिन्यामागून महिने. १८२३मध्ये रॉयल सोसायटीनं ते तक्ते छापले. त्याला एकच उत्तर हवं असतं तर एक दिवस पुरला असता.

तोफ नसेल तर टाळ्या चालतात. हा प्रयोग सगळ्यात स्वस्त, आणि मला तो सगळ्यात आवडतो. शाळेच्या लांब, सपाट भिंतीपासून ७५ मीटर मोजून उभं राहायचं आणि टाळी वाजवायची. प्रतिध्वनी यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. स्टॉपवॉचवर तो पकडायला गेलं तर बोटाचा उशीरच त्याच्या निम्मा. म्हणून टाळ्या अशा लयीत वाजवायच्या, की प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडावा. टाळी, भिंत, टाळी, भिंत. भजनात टाळ धरलेल्या कोणालाही हे दोन मिनिटांत जमतं. लय बसली की वीस टाळ्यांना लागलेला वेळ मोजायचा. सतरा सेकंदांच्या आसपास येतो, आणि बोटाचा उशीर त्यात विरघळून जातो. भाचीच्या मैत्रिणींनी पहिल्या दिवशी जे मोजलं त्यावरून ध्वनीचा वेग जवळपास दुप्पट निघाला. त्या टाळी आणि प्रतिध्वनी दोन्ही मोजत होत्या.

मुलांनी स्वतः मोजून पाहायचं, हे सत्तरच्या दशकात वेगवेगळ्या ठिकाणी करून पाहिलं गेलं होतं, तेही फार लांब नाही. सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबादला १९७२मध्ये सोळा शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग करायचा, आपलंच रीडिंग लिहायचं, दहा जणांची दहा वेगळी आली तर ती का आली यावर वर्गात बोलायचं. २००२मध्ये सरकारनं तो बंद केला. सातपुड्याच्या अलीकडच्या बाजूला, शेजारच्या जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या मंडळींनी खेड्यातल्या शाळांबरोबर स्वस्त साधनांचे प्रयोग केले, वि. गो. कुलकर्णी त्यात होते. होशंगाबादच्या मुशीतूनच आलेल्या अरविंद गुप्तांनी पुढं पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊतून केलेली खेळणी आता जगभर पोचली आहेत. मलकापूर होशंगाबाद आणि पुण्याच्या मध्ये पडतं. पण मध्ये पडणं म्हणजे वाट्याला येणं नव्हे.

प्रकाशाकडे वळलो ते बहिणीच्या लग्नाच्या सीडीमुळे. ती आता कुठल्याच यंत्रात लागत नाही. सीडीवरच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, म्हणजे मिलिमीटरच्या जागेत सहाशेहून अधिक रेघा. यात्रेत मिळतो तो लाल लेझर तिच्यावर सरळ मारला तर भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके उमटतात. भिंत एक मीटरवर असेल तर पहिला ठिपका साधारण ४४ सेंटिमीटरवर. हिरव्या लेझरचा ३५वर. दहावीतलं त्रिकोणमितीचं एक समीकरण, आणि हातातल्या फूटपट्टीनं तुम्ही प्रकाशाची तरंगलांबी मोजलेली असते. लाल ०.६५ मायक्रोमीटर, हिरवी ०.५३. (लेझर डोळ्यावर कधीच नाही, चकाकणाऱ्या भांड्यावरही नाही. हे आम्ही पोरांना तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ताईनं ओरडून.)

यातून मोठा खुलासा असा होतो. आजी परसात बोलली तर ओसरीवर ऐकू येतं, पण ओसरीवरून आजी दिसत नाही. का? लाट आपल्या लांबीएवढ्या अडथळ्याला वळसा घालते. बोलण्याच्या आवाजाची तरंगलांबी हातभर ते दोन-तीन मीटर, तिला घराचा कोपरा म्हणजे काहीच नाही. प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्याला तोच कोपरा सह्याद्री. त्यालाही वळवता येतं, पण अडथळा त्याच्या मापाचा हवा. लेझरच्या वाटेत डोक्याचा एक केस ताणून धरला तर तीन मीटरवरच्या भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर अंतराअंतरानं उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. केस जाड की बारीक हे त्या पट्ट्यांवरून कळतं. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या बायकांचे केस मोजून झाले.

एक दिवस लोणारला गेलो. राजूर घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर. विवराच्या काठावर उभं राहिलं की समोरचा काठ सुमारे १.८ किलोमीटरवर असतो. तिकडं वीज पडली, तर तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सेकंदाचे सहा दशलक्षांश भाग लागतील, आणि कडकडाट यायला पाच सेकंद. गोल्डिंगहॅमला ही जागा फार आवडली असती. पण हे अभयारण्य आहे, २०२०पासून रामसर यादीत आहे, तिथं फटाका वाजवायचा नाही. पावसाळ्यात घरी बसूनच हा प्रयोग करावा. वीज चमकल्यापासून मोजायला लागायचं, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर.

लोणारचं खरं गुपित मात्र आवाजानं नाही, प्रकाशानं उलगडलं आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद फार जुना. १९७३मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये निबंध लिहून तो जवळपास मिटवला. इथल्या बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. दगडाची कागदाहून पातळ चकती घासून ती दोन ध्रुवण पट्ट्यांमध्ये ठेवली आणि खालून उजेड सोडला, तर फेल्डस्पार चकाकतं. कारण त्याचे स्फटिक प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवतात. लोणारच्या विवरातल्या काही दगडांत मात्र फेल्डस्पारचा आकार तसाच आणि जागा अंधारी. स्फटिक न वितळताच आतून मोडून काच झालेला. इतका दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो आदळण्यानंच येतो. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ती पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत.

शाळेत याचीच लहान आवृत्ती होते. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून ध्रुवण पट्टी सोलून काढायची, मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापुढं धरून फिरवायची. एका दिशेला पडदा काळा होतो. आता त्या दोहोंच्या मध्ये कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी सरकवायची. काळ्यात इंद्रधनुष्य उमटतं. साध्या काचेचा तुकडा सरकवला तर काळं ते काळंच. फ्रेड्रिक्सननं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते तत्त्वतः एवढंच.

जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टीव्हीवाल्यांना नवलाईचं खाद्य मिळालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की हे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव. त्यांच्यातलं रंगद्रव्य हिरवा-निळा प्रकाश गिळतं आणि उरलेला आपल्याला गुलाबी दिसतो. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. भाचीनं याचा प्रयोग बिटाच्या पाण्यावर केला. सीडीवर बल्बचा रंगपट्टा पाहायचा आणि बल्बपुढं बिटाच्या पाण्याचा ग्लास धरायचा. पट्ट्यातला हिरवा भाग विझतो. कोण कोणता रंग परत करतो यापेक्षा कोण कोणता खाऊन टाकतो हे पाहिलं की रंगाचा धडा सोपा होतो.

शेगावच्या बाजूला गेलो तेव्हा पखवाज निघणारच. साध्या डफाच्या कातड्यातून जे वरचे नाद निघतात ते मूळ नादाच्या १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत असतात. म्हणून डफ ठणकतो, सुरात लागत नाही. पखवाजाच्या, तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई चढवली की तेच नाद दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटींजवळ येतात. ही करामत कोणत्या कारागिरानं शोधली कोण जाणे. तिचं भौतिकशास्त्र चंद्रशेखर रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, म्हणजे ज्यासाठी आपण २८ फेब्रुवारी साजरा करतो त्या शोधाच्या आठ वर्षं आधी. डाव्या पुडीला लावतात ती कणीकही हेच काम करते. वाजवणारा ती चिमटीनं वाढवतो, काढतो, कान लावतो, पुन्हा थापटतो. या माणसाला कोणी उत्तर आधी सांगितलेलं नसतं.

मलकापूरच्या घराच्या गच्चीवर झोपायचो. तिथं ताईनं सहज एक गोष्ट सांगितली. हिवाळ्यात पहाटे रेल्वे अगदी गल्लीतून गेल्यासारखी वाजते, उन्हाळ्यात दुपारी ती जाते हे कळतसुद्धा नाही. रहदारी, शांतता वगैरे कारणं आहेतच, पण एक कारण पुस्तकातल्या मृगजळाच्या आकृतीत दडलेलं आहे. दुपारी जमिनीलगतची हवा सगळ्यात तापलेली असते. तिथं प्रकाशही जरा वेगानं जातो आणि ध्वनीही. लाटेची खालची बाजू पुढं धावली की लाट वर वळते. प्रकाश वर वळतो म्हणून डांबरी रस्त्यावर आभाळ दिसतं आणि आपण त्याला पाणी समजतो. आवाज वर वळतो म्हणून गाडी आपल्या डोक्यावरून निघून जाते. थंडीच्या पहाटे जमीन गार, वरची हवा तिच्यापेक्षा ऊबदार. आवाज खाली वाकतो आणि शेतं ओलांडून गच्चीवर येतो. मृगजळ दहावीच्या धड्यात आहे. रेल्वेची शिटी नाही. दोन्हींना कारण एकच आहे हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

शेवटचा दिवस रेल्वे फलाटावर काढला. भजनी मंडळाची पेटी मागून आणली होती. मुंबई-हावडा मार्ग, न थांबता जाणाऱ्या गाड्या भरपूर. हॉर्न देत येणारी गाडी समोरून निघून गेली की हॉर्नचा सूर खाली घसरतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. किती घसरतो हे मोजायला १८४५मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञानं उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले होते आणि रुळाकडेला सूर ओळखणारे गवई. आमच्याकडे पेटीवर भाची आणि पट्ट्या मोजायला मी. पहिल्या दोन गाड्यांना सूर सापडेपर्यंत गाडी गेलेली. तिसरी मालगाडी, येताना आणि जाताना दोन पट्ट्यांचा फरक. त्या दिवशीचा ध्वनीचा वेग ३५५ धरून हिशेब केला, तर ताशी ७४ किलोमीटर. मग एक मेल तीन पट्ट्या उतरली, कोमल गंधारावरून थेट षड्जावर. तीन पट्ट्या म्हणजे ताशी ११०. फलाटावरचा एक हमाल बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, “पोरगी चांगली वाजवते, पण गाणं कुठलं हाये?”

भाचीनं या सगळ्याची वही केली आहे. जर्नलसारखीच, फक्त निष्कर्षाची जागा तिनं पानाच्या तळाशी न ठेवता पुढच्या पानावर ठेवली आहे. का, ते मी विचारलं नाही. अनुनाद नळीच्या पानावर दोन रकाने आहेत. मेच्या रकान्यात ४२ अंश आणि ३४.७ सेंटिमीटर. शेजारच्यावर ‘डिसेंबर, पहाट’ असं लिहिलेलं. तेव्हा थर्मामीटर १२वर असेल तर तिथं ३३.१च्या आसपास आकडा यायला हवा, जवळजवळ दीड-पावणेदोन सेंटिमीटर कमी. हे मी तिला सांगितलेलं नाही.  पाइप गच्चीवर टाकीमागे ठेवला आहे, नादकाटा ताईच्या मिसळणाच्या डब्याशेजारी.